पेन्सिलीला टोक करताना आलेला देवदार

घाटमाथा

कालची रात्रीची गोष्ट. मुलीच्या चित्रकलेच्या पेन्सिलींना टोक करून देत होतो. शार्पनर हरवलेला (तो कायमच हरवलेला असतो), म्हणून ब्लेड घेऊन बसलो. पहिली ढलपी जाडजूड निघाली. दुसरी लांब, गोल वळलेली, कडेला लाल रंगाची बारीक रेघ असलेली. तिसरी निघता निघता हात थांबला.

ऑगस्ट २००६. हिमाचलात मी आणि माझा एक मित्र. पुढे दरड कोसळली होती, मागे रस्ता खचला होता आणि आम्ही जंगल खात्याच्या एका विश्रामगृहात तीन रात्री अडकलो होतो. वीज नाही. खिडकीच्या गजांवर मोजे वाळत घातलेले, ते तीन दिवसांत वाळले नाहीत ते नाहीतच. पत्र्यावर पाऊस, बाहेर धुक्यात देवदार, आत मेणबत्ती आणि रमीचे डाव. त्या प्रवासातलं जे बघायला निघालो होतो ते बघितलंच नाही. तरी आयुष्यातला सगळ्यात सुखाचा प्रवास कोणता म्हणाल तर तो.

हे सगळं काल एका ढलपीतून आलं. आठवलं म्हणण्यापेक्षा मी दोनेक सेकंद तिथे होतो. अंगावर ओल्या रगाचं वजनसुद्धा जाणवलं. मुलगी म्हणाली, "बाबा, टोक तुटलं."

त्या प्रवासाचे दोनशेच्या वर फोटो आहेत. ते बघून असं कधी होत नाही. फोटो बघताना मी फोटोच बघत असतो.

घरात अचानक आलेल्या वासाने तुम्हाला कुठल्या प्रवासात नेऊन सोडलंय का? लिहा. आणि कोणाला माहीत असेल तर हेही सांगा, की हे मुद्दाम करता येतं का? मला ती दोन सेकंदं परत हवी आहेत. सकाळपासून चार पेन्सिली तासून झाल्या, काही होत नाही. घरात मात्र आता सगळ्या पेन्सिली टोकदार आहेत.

खिडकीची सीट

धागा वाचून आधी हसलो आणि मग हळहळलो. माझा वास सांगितला तर लोक नाकं मुरडतील. डांबर.

गच्ची गळत होती म्हणून मागच्या उन्हाळ्यात डांबराचा थर द्यायला घेतला. घरच्यांनी पटापट खिडक्या लावल्या. मी गच्चीच्या दारात उभा. कारण तो डांबराचा वास नव्हताच, ते रात्री अडीचचं जंक्शन होतं. गाडी बदलायची आहे, वडील वळकटीवर बसलेत, मला झोप आवरत नाही आणि झोपायचंही नाही. रुळांखालच्या लाकडी स्लीपरना पूर्वी क्रिओसोट पाजायचे, दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेलं तेल, लाकूड कुजू नये म्हणून. उन्हात तापलेल्या त्या स्लीपरांचा वास म्हणजे माझ्यासाठी रेल्वे. आता बहुतेक सगळीकडे काँक्रीटचे स्लीपर आले. ते शंभर पटीने बरे असतील, पण त्यांना वास नाही. तेव्हा आता माझं जंक्शन फक्त गच्ची गळली की येणार.

जुनी डायरी

घाटमाथा, छान लिहिलंयस. "फोटो बघताना मी फोटोच बघत असतो" हे अगदी खरं.

माझ्याकडे एक शाल आहे. एका डोंगरगावी थंडीने काकडायला लागले म्हणून घाईत घेतलेली, जाडीभरडी, टोचणारी. परत आल्यावर ती धुतली नाही. लोकरीचा, धुराचा आणि थोडा मेंढीचा असा वास तिला होता. दर वर्षी एकदा काढायची, नाक खुपसायचं, परत ठेवायची. मग एके वर्षी सूनबाईने प्रेमाने ड्रायक्लीनिंगला दिली. बिचारीला काय माहीत! मी काही बोलले नाही. "छान झाली गं," एवढंच म्हणाले. आता ती नुसती शाल आहे.

टिपकागद

मुद्दाम करता येतं का, यावर थोडं. आधी यंत्रणा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आपण बघतो, ऐकतो, स्पर्श करतो ते सगळं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर जातं आणि तिथून पुढे वाटलं जातं. वासाला हा नाका नाही. नाकाच्या छतातून निघालेले तंतू थेट घ्राणकंदात (मेंदूतल्या वासाच्या पहिल्या ठाण्यात) शिरतात आणि तिथून दोन पावलांवर अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस, म्हणजे भावना आणि आठवणींचं घर. म्हणून वासाला नाव सुचायच्या आधीच गळा दाटून येतो. "हा कसला वास?" हा प्रश्न नंतरचा.

माणसात वास ओळखणारे साधारण ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) चालू स्थितीत असतात. एक रेणू अनेक ग्राहकांना चाळवतो आणि एक ग्राहक अनेक रेणूंना दाद देतो, म्हणजे पेटीच्या पट्ट्यांसारखं. ४०० पट्ट्यांवर किती सूर जुळतील याचा हिशेब करून बघा. या ग्राहकांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली, २००४ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना त्याबद्दल मिळालं.

आता घाटमाथा यांची अडचण. एखाद्या वासाची मेंदूत जी पहिली गाठ बसते ती घट्ट असते. पण तोच वास रोज दुसऱ्याच प्रसंगात घेत गेलात तर वरून नव्या गाठी बसत जातात. चार पेन्सिली लागोपाठ तासल्यावर नाकही सरावतं, ते वेगळंच. काही मिनिटं तोच वास आला की मेंदू तो मोजायचा सोडून देतो. स्वतःच्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो, तो याचमुळे. तेव्हा पेन्सिली खाली ठेवा.

अवांतर: चित्रकलेच्या चांगल्या पेन्सिलींचं लाकूड बहुतेक वेळा 'इन्सेन्स सीडर' असतं, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातलं झाड. त्याआधी 'रेड सीडर' वापरायचे, ते खरं तर जुनिपर. दोन्ही सायप्रस वृक्षाच्या कुळातली. आपला देवदार हा खरा सीडर, पण तो पाईनच्या कुळातला. म्हणजे नावातला 'सीडर' सोडला तर नातं लांबचं. वासात साम्य जरूर आहे.

घाटमाथा

टिपकागद, खूप धन्यवाद. म्हणजे माझा देवदार अमेरिकन निघाला तर!

डायरीताई, शालीचं वाचून कसंसंच झालं.

नाठाळ

सगळे एकाच सुरात वाहवत चाललेत म्हणून जरा खडा टाकतो.

मीही हा उद्योग केलाय. समुद्राकाठी एक आठवडा फार सुखात गेला, तो घरी आणायचा म्हणून सुवासिक मेणबत्ती घेतली, वर निळी लाट काढलेली. लावली. समुद्र नाही, किनारा नाही, थेट नुकतंच धुतलेलं न्हाणीघर. तीन संध्याकाळी नेटाने लावली. चौथ्या दिवशी तिला वीज गेल्यावर वापरायच्या मेणबत्त्यांत टाकून दिलं.

दुसरा प्रयोग देवदाराच्याच तेलाचा. ते अस्सल होतं, तक्रार नाही. पाण्यात दोन थेंब टाकून टेबलावर रोज वाफ सोडायचो. पहिल्या दिवशी डोंगर दिसला. आठव्या दिवशी काही नाही. पंधराव्या दिवसापासून तो वास आला की मला आमच्या ऑफिसची साडेदहाची मीटिंग आठवते. हल्ली खरोखर डोंगरात गेलो तरी पहिल्या वळणावर पोटात गोळा येतो, की माझा माइक बंद आहे ना!

तेव्हा माझं मत: सुखाची आठवण नळ सोडल्यासारखी येत नाही, आणि आणायला जाऊ नये. आहे ती पण बिघडते.

अत्तरदाणी

नाठाळराव, मीटिंगचं वाचून चहा सांडला.

पण मेणबत्तीचा दोष नाही हो. बाजारातल्या 'सागरी' वासांमागे बऱ्याचदा कॅलोन नावाचा रेणू असतो. तो १९६६ मध्ये फायझर या औषध कंपनीत सापडला आणि १९९० च्या दशकात अत्तरवाल्यांनी तो सढळ हाताने वापरला. त्याला थोडा कलिंगडासारखा ओलसर वास आहे. तो इतक्या साबणांत आणि फवाऱ्यांत गेला की आता नाकाला आधी न्हाणीघरच आठवतं. खऱ्या समुद्राच्या वासात डायमिथाइल सल्फाइड असतं. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून तयार होतं, जरासं कुजकट. ते मेणबत्तीत घातलं तर कोणी विकत घेणार नाही. म्हणजे बघा, समुद्राची आठवण करून देणारा वास मुळात सुवास नाहीच.

मला वाटतं धाग्यात आतापर्यंत आलेल्या सगळ्यांचं तेच आहे. डांबर, मेंढी, ओले मोजे. कोणी "गुलाबांची बाग आठवली" म्हणालं नाही. गुलाब इतक्या ठिकाणी भेटतो की तो कुठल्याच एका जागेचा राहत नाही.

मात्र मुद्दाम बाटलीत भरलेला आणि तरी काम करणारा एक वास आहे: मिट्टी अत्तर, म्हणजे पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचा वास. कनौजला बघितलंय. भट्टीत भाजलेली माती तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर घालतात, झाकण मातीनेच लिंपतात, खाली लाकडाचा जाळ. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करायच्या भांड्यात, उतरते. भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते मातीचा वास धरून ठेवतं. कारागीर भपका हाताने चाचपून आत किती उतरलं ते सांगतो, मापं नाहीत. मी एक छोटी कुपी आणली. ती उघडली की मला पाऊस आठवत नाही, ती भट्टी आठवते आणि त्या माणसाचा भपक्यावरचा तळहात. पावसाच्या अत्तराने मला कोरडं, धगधगतं आवार आठवतं, काय करणार!

टिपकागद

अत्तरदाणी, वा! या वासाला इंग्रजी नाव मिळालं ते १९६४ मध्ये. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी 'पेट्रिकोर' असं बारसं केलं. पेट्रा म्हणजे दगड आणि इकोर म्हणजे ग्रीक देवांच्या नसांतून वाहणारा द्रव. कोरड्या दगडमातीत मुरलेली वनस्पतींची तेलं आणि मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेलं जिओस्मिन हे त्यातले मुख्य घटक. जिओस्मिनला आपलं नाक फार हळवं आहे. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी कळतं. थेंब पडताना मातीतली हवा बुडबुडे होऊन वर येते आणि फुटताना हा वास उडवते, हे २०१५ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवलं गेलं. जोरदार पावसापेक्षा हलक्या-मध्यम सरीत हे जास्त होतं.

शिंपलेवाली

वासाची आठवण घरी आणायचा माझा प्रयोग असा की घर सोडावं लागलं असतं.

समुद्रावरून मुलांनी शंख-शिंपले गोळा केले. एक मोठा देखणा शंख मीच निवडला. छान काचेच्या बरणीत वाळू घालून, त्यावर मांडून दिवाणखान्यात ठेवला. दोन दिवस येणारे-जाणारे "वा वा" म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी फ्रिज साफ केला. चौथ्या दिवशी नवऱ्याने सोफ्याखाली उंदीर शोधला. पाचव्या दिवशी खालचे शेजारी विचारायला आले, की काही मदत हवी का?

शंखात भाडेकरू होता. खेकडा. पाय पार आत ओढून बसलेला, बिचारा.

अपराधी वाटलं ते वेगळं (रिकामे दिसणारे शंख उचलू नका, आणि रिकामे असतील तरी तिथेच राहू द्या, दुसऱ्या खेकड्याला लागतात). पण गंमत ऐका. त्यानंतर कुठे जरा मासळीचा उग्र वास आला की आम्हा चौघांना एकदम तोच किनारा आठवतो आणि आम्ही हसत सुटतो. एवढ्या महागाच्या बरणीने जे केलं नसतं ते त्या खेकड्याने केलं.

खिडकीची सीट

भाडेकरू!! मेलो.

जुनी डायरी

एक युक्ती सांगते, मला खूप वर्षांपूर्वी एका सहप्रवासी बाईंनी सांगितलेली. प्रवासाला निघताना कधीही न वापरलेला साबण घ्यायचा. फक्त त्या प्रवासात वापरायचा. घरी आल्यावर उरलेली वडी वाळवून, कागदात गुंडाळून झाकणाच्या काचेच्या बाटलीत बंद. वर जागेचं नाव आणि साल. प्लास्टिकच्या पिशवीत नको, तिचाच वास लागतो. उन्हात आणि गरम जागीही नको.

माझ्याकडे अशा सहा बाटल्या आहेत. वर्षातून एखादीच उघडते. नाठाळ, तुझं बरोबर आहे, रोज उघडली की संपलं. पण म्हणून ठेवूच नये असं नाही.

टिपकागद

डायरीताई, तुम्ही अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलच्या पंगतीत आहात. तो एक अत्तर तीनेक महिने लावायचा आणि मग अर्धी बाटली शिल्लक असतानाच ते कायमचं बंद करून संग्रहात ठेवायचा. पुढे कधी तो काळ हवा झाला की ती बाटली हुंगायची.

नाठाळ

डायरीताई, सहा बाटल्यांपुढे माघार. "रोज नको" इथवर आपलं एकमत झालं, तेवढं पुरे.

वाचनमात्र

नावाप्रमाणे वाचतच असते, हा माझा पहिलाच प्रतिसाद. चुकलं तर सांभाळून घ्या.

२०२१ मध्ये कोविडनंतर माझा वास गेला. जीव वाचला त्यापुढे ती गोष्ट क्षुल्लक म्हणून कोणाला फारसं सांगितलं नाही. पण घर परकं वाटायला लागलं. आईची उशी नुसती उशी झाली. आई आदल्या वर्षी गेली होती.

डॉक्टरांनी वासाचा सराव सांगितला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. चार बाटल्या, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी वीसेक सेकंद, कमीत कमी बारा आठवडे. ही पद्धत जर्मनीतले टोमास हुमेल यांनी २००९ मध्ये मांडली असं त्यांनी सांगितलं होतं. हुंगताना तो वास आठवायचा प्रयत्न करायचा, ही त्यातली मुख्य गोष्ट.

गुलाब, लिंबू, लवंग हुंगताना काय आठवायचं ते मला कळेना. निलगिरीला मात्र होतं. उटीच्या वाटेवर आईला गाडी लागली म्हणून आम्ही खाली उतरलो होतो. ती एका झाडाला टेकून उभी राहिली. मी बारा वर्षांची. आईने दोन पानं चुरगाळून नाकाशी धरली, मग माझ्या नाकाशी धरली आणि म्हणाली, "हेच ते सर्दीचं तेल." मला धक्काच बसला होता, की तेल बाटलीत होत नाही, झाडावर असतं.

रोज दोनदा मी ते हातात चुरगाळलेलं पान आठवायची. वास शून्य. सातव्या की आठव्या आठवड्यात काहीतरी आलं, पण जळक्या रबरासारखं. तसं होतं म्हणे, आधी वाकडातिकडा येतो. मी चिकाटीने त्या जळक्या रबराच्या जागी आईचा हात बघत राहिले.

निलगिरी पुरती परत यायला पाच महिने लागले. बाकी तीन त्यानंतर. लवंग अजून अर्धवटच आहे.

एवढंच. इथे सगळ्यांनी वासाने आठवण आली असं लिहिलंय. माझं उलट झालं, म्हणून लिहावंसं वाटलं.

जुनी डायरी

वाचनमात्र, बाळ, लिहीत जा गं.

अत्तरदाणी

तीन वेळा वाचलं. काही लिहायला सुचत नाही. पुढच्या वेळी निलगिरीच्या रानात गेले की दोन पानं तुमच्या नावाने चुरगाळेन.

नाठाळ

वरचा माझा प्रतिसाद, "आणायला जाऊ नये" हा, अंशतः मागे घेतो.

टिपकागद

वाचनमात्र, तुम्ही जे केलंत त्याला शास्त्रात जागा आहे. त्या सरावात नुसतं हुंगणं पुरत नाही, लक्ष द्यावं लागतं, ते याचसाठी.

घाटमाथा, धागा तुमचा आहे म्हणून एक इशारा देऊन थांबतो. वासाने आलेली आठवण जास्त भावुक असते, जास्त खरी असतेच असं नाही. रेचेल हर्झ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर बरंच काम केलंय. वासाने माणूस गलबलतो, "मी तिथेच होतो" म्हणतो, पण तपशील तपासले तर तो इतरांइतकाच चुकतो. तेव्हा त्या विश्रामगृहाबद्दल मित्राला एकदा विचारून बघा.

घाटमाथा

वाचनमात्र, तुमच्यासाठी हा धागा काढला असं म्हणेन.

टिपकागद, तुमचं ऐकून मित्राला फोन लावला. आता तो परदेशात असतो, वर्षभरात बोलणं नव्हतं. मी त्याला ढलपीपासून सगळं रंगवून सांगितलं. खिडकी, धुकं, देवदाराचा वास. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "अरे, खिडकी उघडत कुठे होती? फुगून बसली होती. तीन दिवस कोंडलो होतो आपण. आत नुसता रॉकेलचा आणि तुझ्या मोज्यांचा वास."

मी म्हटलं, मग देवदार?

तर म्हणाला, "रमीचे गुण कोण लिहीत होतं?"

मी लिहीत होतो.

"कशाने लिहीत होतास? माझ्या स्केचबुकातल्या पेन्सिलीने. हरायला लागलास की तासत बसायचास. डबाभर पेन्सिली होत्या माझ्या, चौथ्या दिवशी रस्ता खुला झाला तेव्हा बोटभर उरल्या होत्या. अजून राग आहे माझा."

नाठाळ

म्हणजे शार्पनर तेव्हाही हरवलेला होता!

घाटमाथा

नाही हो. मित्र म्हणतो, होता. मीच ब्लेड मागून घेतलं होतं, वेळ जावा म्हणून.